चौकशीच्या फाइलमधली तिसरी माणसं

विभागीय चौकशीची नस्ती, म्हणजे फाइल, बांधून कपाटात गेली की तिच्यातली सगळी माणसं सारखीच दिसायला लागतात. ज्याच्यावर दोषारोप होता तो अपचारी, ज्याने अर्ज केला तो तक्रारदार, साक्षीला बोलावलेले लिपिक आणि शिपाई, आणि कुणाच्या तरी जबाबात ओघाने नाव आलेली चार-दोन माणसं. माहितीच्या अधिकारात कुणी ती नस्ती मागितली की ही सगळी नावं जन माहिती अधिकाऱ्यापुढे एकाच गठ्ठ्यात येतात. मग बहुतेक कार्यालयांत दोनपैकी एक होतं. एक तर ‘वैयक्तिक माहिती’ असा शेरा मारून अख्खा गठ्ठा नाकारला जातो, नाहीतर दोन रुपये पानाने सगळ्याच्या झेरॉक्स काढून दिल्या जातात. पहिल्यात लोकांचा हक्क मारला जातो. दुसऱ्यात ज्याचा त्या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता त्याची अब्रू जाते, आणि ती परत मिळवायला त्याच्याकडे कुठलंही अपील नसतं.

अपचाऱ्याला निदान बोलायची संधी मिळालेली असते. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधल्या नियम ८ प्रमाणे चौकशी झाली असेल तर त्याला दोषारोपपत्र मिळतं, लेखी बचाव देता येतो, साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते. ओघाने नाव आलेल्या माणसाला यातलं काहीच मिळत नाही. ‘अमक्या मॅडमना पण हे माहीत होतं’ असं एक वाक्य कुणीतरी प्राथमिक चौकशीत बोलून जातो. ते तसंच टाइप होतं, त्यावर सही होते, आणि त्या मॅडमना आपलं नाव कागदावर आलंय याचा पत्ताही नसतो. म्हणून फाइल बाहेर देताना प्रत्येक पानावर एकच प्रश्न विचारावा असं माझं ठाम मत आहे: इथे ज्याच्याबद्दल वाईट लिहिलंय त्याला उत्तर द्यायची संधी मिळाली होती का? उत्तर ‘नाही’ असेल तर ते नाव त्या पानावरून बाहेर जाता कामा नये.

हा प्रश्न माझा नाही, कायद्यातच आहे. चौकशी आयोग अधिनियम, १९५२ मध्ये १९७१ साली कलम ८ख आणि ८ग घातली गेली. एखाद्याच्या वर्तनाची चौकशी करणं आयोगाला आवश्यक वाटलं, किंवा चौकशीमुळे कुणाच्या लौकिकाला बाधा येईल असं दिसलं, तर त्या व्यक्तीला म्हणणं मांडायची आणि पुरावा द्यायची वाजवी संधी दिलीच पाहिजे असं ८ख सांगतं. उलटतपासणीचा आणि वकील देण्याचा हक्क ८ग मध्ये आहे. किरण बेदी यांच्या १९८९ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही कलमं किती गांभीर्याने घ्यायची ते सांगितलं. बिहार राज्य विरुद्ध लालकृष्ण अडवाणी या २००३ च्या निकालात तर भागलपूर दंगलीच्या आयोगाने ८ख ची नोटीस न देता अहवालात मारलेले शेरे टिकले नाहीत. अहवाल विधिमंडळापुढे ठेवून झालेला असला तरी शेरा पुसला जाऊ शकतो, ही त्या निकालातली मोठी गोष्ट. विभागीय चौकशीला हा अधिनियम थेट लागू होत नाही. पण लौकिकाचं तत्त्व तेच आहे, आणि जे चौकशी करणाऱ्याने पाळायचं ते कागद देणाऱ्यानेही पाळायला हवं.

आता कामाला लागू. गठ्ठा हातात आला की पेन्सिलीने पृष्ठांकन तपासायचं आणि एका कोऱ्या कागदावर फाइलमधल्या प्रत्येक माणसाची यादी करायची. नाव, पद, पहिल्यांदा कोणत्या पानावर आलं, आणि भूमिका: अपचारी, तक्रारदार, साक्षीदार, चौकशी अधिकारी, सादरकर्ता अधिकारी, लाभार्थी किंवा ठेकेदार, नातेवाईक, आणि ‘ओघाने’. दोनशे पानांच्या फाइलमध्ये चाळीसेक नावं सहज निघू शकतात. हे काम टाळलं की पुढे सगळं फसतं, कारण एकाच माणसाला पान १२ वर झाकलं जातं आणि पान ८७ वर तो उघडा राहतो.

यादीतल्या प्रत्येकाला खूण द्यायची. ‘साक्षीदार १’, ‘साक्षीदार २’, ‘कर्मचारी क’, ‘नातेवाईक क-१’. आद्याक्षरं कधीही वापरू नयेत. ‘श्रीमती स. वि. कु.’ हे लिहिणं म्हणजे त्या कार्यालयातल्या माणसांना नाव वाचून दाखवणंच आहे. खूण संपूर्ण गठ्ठ्यात एकच राहिली पाहिजे, म्हणजे माहिती मागणाऱ्या अर्जदाराला घटनाक्रम कळतो. साक्षीदार २ जे सांगतो त्याला साक्षीदार ५ दुजोरा देतो, हे नावांशिवायही समजतं. ही संकेत यादी सीलबंद पाकिटात मूळ नस्तीत राहते. प्रथम अपिलीय अधिकाऱ्याने किंवा राज्य माहिती आयोगाने मागितली तर त्यांना दाखवायची, बाहेर द्यायची नाही.

सगळ्यांना सारखंच झाकायचं नाही, हे आवर्जून सांगतो. पदाचा अधिकार वापरून ज्याने निर्णय घेतला, सही केली, बिल मंजूर केलं, चौकशी अधिकारी म्हणून निष्कर्ष काढले, त्याचं नाव आणि पद सहसा राहायला हवं. ती कृती त्याची खासगी नाही, सरकारी आहे. त्याच माणसाचा घरचा पत्ता, मोबाइल क्रमांक, बँक खातं, सेवार्थ आयडी (पगाराच्या संगणक प्रणालीतला क्रमांक), आजारपणाचे दाखले, जात प्रमाणपत्र, कुटुंबातली भांडणं हे सगळं झाकायचं. साक्षीदाराने काय पाहिलं ते राहू द्यावं, कुणी पाहिलं ते झाकावं. ओघाने आलेल्याचं नावही झाकायचं, आणि त्याच्यावरचा शेरा चौकशीच्या विषयाशी संबंध नसलेला असेल तर तोही.

कलमांचं थोडं. माहितीच्या अधिकाराच्या कायद्याच्या मराठी प्रतीत कलम ८(१)(ञ), म्हणजे इंग्रजी प्रतीतलं ‘जे’, हे वैयक्तिक माहितीचं कलम. गिरीश रामचंद्र देशपांडे यांच्या ३ ऑक्टोबर २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्याला दिलेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा आणि शिक्षेचे आदेश हे मुख्यतः कर्मचारी आणि मालक यांच्यातले मानले, आणि व्यापक जनहित दिसलं तरच द्यावेत असं म्हटलं. १३ नोव्हेंबर २०१९ ला घटनापीठाने सुभाषचंद्र अग्रवाल प्रकरणात खासगीपणा आणि जनहित यांचा तोल कसा बघायचा ते सविस्तर मांडलं, आणि त्रयस्थ पक्षाची, म्हणजे ज्याच्याबद्दल ती माहिती आहे त्या तिसऱ्या माणसाला विचारण्याची, प्रक्रिया न करता माहिती देता येत नाही हे अधोरेखित केलं. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने (ञ) ची भाषाच बदलली, आणि हा बदल नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. आता तिथे फक्त ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच उरलंय. सार्वजनिक कामाशी संबंध, खासगीपणावर अनाठायी आक्रमण, विधिमंडळाला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाही, हे सगळे शब्द गेले.

म्हणून आता सगळंच नाकारता येतं असा समज काही कार्यालयांत पसरतोय. तो चुकीचा आहे. कलम ८(२) जागेवर आहे: संरक्षित हितसंबंधांना होणाऱ्या हानीपेक्षा जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. कलम १० सुद्धा जागेवर आहे: न देण्याजोगा भाग वेगळा करता येत असेल तर उरलेला भाग द्यायचा. पैशाचा अपहार, निकृष्ट बांधकाम, औषधखरेदीतला घोळ यांच्या चौकशीत (ञ) चा शिक्का मारून फाइल बंद करणारा अधिकारी तिसऱ्या माणसाचं रक्षण करत नाही. तो पहिल्याच माणसाला आडोसा देतो. दोन्ही साधायचं तर झाकण्याचं किचकट काम करावंच लागतं, त्याला सोपी वाट नाही.

(ञ) खेरीज आणखी एक कलम हाताशी ठेवा: ८(१)(छ). कुणाच्या जीविताला किंवा शारीरिक सुरक्षिततेला धोका होणार असेल, किंवा कायद्याच्या अंमलबजावणीसाठी विश्वासाने माहिती देणारा उघडा पडणार असेल, तर ते लागतं. वाळू, रेशन, बोगस बिलं अशा प्रकरणांतल्या तक्रारदारासाठी हेच कलम खरं आधाराचं आहे. ८(१)(ज) मात्र सरसकट वापरलं जातं, ‘चौकशी सुरू आहे’ एवढ्यावर. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगत सिंग प्रकरणात स्पष्ट केलं की चौकशी सुरू असणं पुरेसं नाही, माहिती दिल्याने तिला अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं. आणि वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची फाइल मागितली तर ८(३) प्रमाणे (क), (ग) आणि (झ) एवढीच कलमं उरतात, (ञ) लागत नाही. तिथे कलम ११ ची, म्हणजे त्रयस्थ पक्षाचं म्हणणं मागवणारी, नोटीस काढून हानी विरुद्ध जनहित ही तुलना करणं हाच मार्ग राहतो, आणि जुन्या फाइलमधली माणसं अजून हयात असतात हे विसरू नये.

कलम ११ ची घड्याळं पाठ पाहिजेत. त्रयस्थ पक्षाने दिलेली किंवा त्याच्याशी संबंधित, आणि त्याने गोपनीय मानलेली माहिती देण्याचा विचार असेल, तर अर्ज मिळाल्यापासून ५ दिवसांत त्याला लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यापासून १० दिवसांत त्याने म्हणणं मांडायचं, लेखी किंवा तोंडी. अर्ज मिळाल्यापासून ४० दिवसांच्या आत निर्णय. निर्णयाच्या सूचनेत त्याला कलम १९ खाली अपिलाचा हक्क आहे हे लिहायचं, आणि ते अपील आदेशाच्या तारखेपासून ३० दिवसांत.

इथे तीन ठिकाणी घसरतं. पहिलं, पाचव्या दिवसापर्यंत फाइलच उघडलेली नसते. अर्ज आवक झाला त्या दिवशीच विषयात ‘चौकशी’, ‘तक्रार’, ‘जबाब’, ‘अहवाल’ यातला एखादा शब्द दिसला तर अर्जावर लाल शाईत ‘कलम ११ तपासा’ लिहायची सवय लावा. दुसरं, त्रयस्थ पक्षाची हरकत हा नकाराधिकार समजला जातो. ‘संबंधितांनी हरकत घेतल्याने माहिती देता येत नाही’ हे एका ओळीचं उत्तर आयोगापुढे टिकत नाही आणि टिकूही नये. त्याचं म्हणणं विचारात घ्यायचं, निर्णय अधिकाऱ्याने करायचा आणि कारणं लिहायची. तिसरं, आदेश ज्या दिवशी काढला त्याच दिवशी अर्जदाराला प्रती दिल्या जातात. मग त्रयस्थ पक्षाने अपील करून मिळवायचं काय? ‘थांबा’ असा शब्द कलमात नाही, पण अपिलाचा हक्क दिलाय तो पोकळ ठरू नये. हरकत फेटाळली असेल तर निर्णय मुदतीत दोघांनाही कळवावा, आणि तेवढा वादग्रस्त भाग अपिलाची मुदत संपल्यावर द्यावा. बाकीची पानं रोखून धरायचं कारण नाही.

तेवीस साक्षीदार असतील तर तेवीस नोटिसा काढायच्या का? माझं उत्तर असं की आधी झाकून घ्या. ज्याची ओळख बाहेर जाणारच नाही त्याला नोटीस कशासाठी? ज्यांचं नाव किंवा ओळख देण्याचा तुमचा विचार आहे त्यांनाच ती पाठवा. तेवीसातले दोन-तीनच उरतात. आणि नोटीस कशी जाते याकडे बघा, कारण कित्येकदा गळती तिथेच होते. खुल्या पाकिटातून, विभागाच्या आवक टपालात, ‘अमुक चौकशीतील आपल्या जबाबाबाबत’ असा ठळक विषय घालून पत्र गेलं की दुपारच्या चहापर्यंत सगळ्या कार्यालयाला साक्षीदार कोण ते कळलेलं असतं. नोटीस नावाने, बंद पाकिटात, वर ‘व्यक्तिशः’ लिहून, घरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने. अर्जदाराच्या अर्जाची झेरॉक्स सोबत जोडू नये. त्याचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक त्रयस्थ पक्षाच्या हाती द्यायचं काही कारण नाही, कारण अर्जदारही माणूसच आहे आणि त्यालाही दमदाटी होऊ शकते.

आता झाकायचं कसं. मूळ कागदावर मार्कर कधीही नाही, मूळ कागद हा पुरावा आहे. आधी झेरॉक्स काढा, तिच्यावर काळ्या मार्करने झाका, आणि त्या झाकलेल्या प्रतीची पुन्हा झेरॉक्स काढा. ही दुसरी प्रत द्यायची. पहिली दिली तर कागद खिडकीशी धरला की शाईखालची अक्षरं दिसतात. पांढरी कागदी पट्टी चिकटवून झेरॉक्स काढली तर काम आणखी स्वच्छ होतं. पट्टी नावाच्या लांबीची नको, सगळीकडे सारख्याच रुंदीची हवी. तीन अक्षरी आडनावाला छोटी आणि सहा अक्षरीला मोठी पट्टी लावली की पाच जणांच्या शाखेत लांबी मोजून माणूस ओळखता येतो.

पीडीएफ द्यायची असेल तर जास्त जपा. वर्डमध्ये अक्षरांना काळी पार्श्वभूमी देऊन किंवा पीडीएफवर काळा चौकोन ओढून काहीच झाकलं जात नाही. तो भाग निवडून कॉपी केला आणि दुसरीकडे पेस्ट केला की मजकूर उघडा पडतो. झाकलेली प्रत छापा आणि पुन्हा स्कॅन करा, हा सगळ्यात खात्रीचा साधा मार्ग. स्कॅनर आपोआप अक्षरओळख करत असेल तर हरकत नाही, कारण आता तिथे ओळखायला अक्षरंच नाहीत. मग फाइलचं नाव बघा. ‘लेखा_शाखा_श्रीमती…_तक्रार’ असं नाव तसंच राहिलं तर आतलं सगळं झाकून उपयोग काय?

मराठी कागदांत आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याबद्दल कुठल्याच प्रशिक्षणात बोलत नाहीत. आपल्या भाषेत क्रियापदच माणूस सांगून टाकतं. ‘मी पाहिलं’, ‘मी ऐकलं’, ‘मी सांगितलं’ यांतून बाई की पुरुष ते कळत नाही. पण ‘मी गेले’, ‘मी बसले होते’, ‘मी म्हणाले’ यातून लगेच कळतं. ज्या शाखेत एकच महिला कर्मचारी आहे तिथे ‘साक्षीदार ३’ ही खूण अशा एका क्रियापदाने निकामी होते. नाव शोधतानाही हीच भाषा आडवी येते. संगणकावर ‘पाटील’ शोधलं तर ‘पाटलांनी’, ‘पाटलांचे’, ‘पाटलांकडून’ सापडत नाहीत, कारण सामान्यरूपात ‘टी’चा ‘ट’ होतो. ‘कुलकर्णी’ शोधून ‘कुलकर्ण्यांना’ मिळत नाही. एका पानावर ‘पाटील’, दुसऱ्यावर ऱ्हस्व ‘पाटिल’. म्हणून पूर्ण नाव न शोधता ‘पाट’, ‘कुलकर्ण’ असे तुकडे शोधा. जुन्या फाइली युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतील तर संगणकाच्या शोधावर विसंबूच नका, बोट ठेवून ओळ न् ओळ वाचा.

एक जबाब घेऊ. समजा भांडारातल्या खोट्या बिलांची चौकशी आहे आणि कागदावर हे आहे:

‘दि. १४ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास मी भांडारातून छपाईचे कागद आणायला गेले. त्या वेळी भांडारपाल साहेब लेखा शाखेतल्या बाईंना म्हणत होते, बिलावर मागची तारीख टाका. बाई घाबरल्या होत्या. त्यांचे यजमान आजारी असतात, त्यामुळे त्यांना नोकरीची फार गरज आहे. टंकलेखन करणाऱ्या मुलानेही ऐकलं असेल, तो भांडारपाल साहेबांच्याच गावचा आहे.’

घाईत काम करणारा यात झाकायला नावच नाही म्हणून पान तसंच देतो. झाकलेलं पान असं दिसायला हवं:

‘दि. १४ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास मी भांडारातून ■■■■ ■■■■. त्या वेळी भांडारपाल साहेब [कर्मचारी क] यांना म्हणत होते, बिलावर मागची तारीख टाका. ■■■■ ■■■■ ■■■■’

छपाईचे कागद कोण आणतं हे कार्यालयात सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून ते गेलं. ‘गेले’ गेलं. लेखा शाखेतल्या बाई म्हणजे कोण तेही ठाऊक असतं, म्हणून तिथे खूण आली. घाबरणं, यजमानांचं आजारपण, नोकरीची गरज हे त्या बाईंचं खासगी, बिलाशी त्याचा संबंध नाही. टंकलेखन करणाऱ्या मुलाबद्दलचं वाक्य निव्वळ तर्क आहे. त्याने खरंच ऐकलं का हे कुणी त्याला विचारलंच नाही, आणि गावाचा उल्लेख करून त्याच्यावर संशय ढकलून दिलाय. आमचा मूळ प्रश्न इथे अगदी नेमका लागतो. भांडारपाल मात्र राहिला, तारीख राहिली, वेळ राहिली, ‘मागची तारीख टाका’ हे वाक्य राहिलं. अर्जदाराला सरकारी गैरव्यवहाराबद्दल जे कळायला हवं ते सगळं त्यात आहे.

हाताने लिहिलेल्या जबाबाचं काय? लहान कार्यालयात अक्षर ओळखीचं असतं. कलम २(ञ) मध्ये टिपणं, उतारे आणि प्रमाणित प्रती असे तिन्ही प्रकार आहेत, त्यामुळे अशा पानाचा टंकलिखित प्रमाणित उतारा देता येतो. तसं केलं आहे हे उत्तरात स्पष्ट लिहायचं.

नावं अनपेक्षित जागी लपून बसतात. प्रत्येक पानाच्या तळाला साक्षीदाराची सही किंवा अंगठा असतो, तो राहून जातो. चौकशीचा रोजनामा असतो, त्यात कोण कोणत्या तारखेला हजर होतं ते येतं. दोषारोपपत्राच्या जोडपत्र ४ मध्ये साक्षीदारांची यादीच असते. आदेशाच्या शेवटी ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून नावं असतात. नस्तीची अनुक्रमणिका, पाकिटावरचा पत्ता, हजेरीपटाची जोडलेली पानं, फोटो. एकाने झाकल्यावर दुसऱ्याने वाचायलाच हवं, आणि तो दुसरा त्या शाखेतला असला तर उत्तम, कारण कोणता तपशील कुणाकडे बोट दाखवतो ते त्यालाच कळतं. जुनी उत्तरंही काढून बघा. मागच्या वर्षी त्याच प्रकरणात दुसऱ्या अर्जदाराला हजेरीपट दिला असेल, तर आजचा झाकलेला जबाब आणि तो हजेरीपट शेजारी ठेवले की कोडं सुटतं. कलम ६(२) प्रमाणे अर्जदाराला कारण विचारता येत नाही. त्यामुळे एकाला दिलं ते सगळ्यांना दिलं असंच धरून चालायचं. प्रत संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर असते.

अपचाऱ्याच्या लौकिकाबद्दलही एक गोष्ट मी फार महत्त्वाची मानतो. दोषारोपपत्र एकटं बाहेर जाऊ देऊ नका. दोषारोपपत्र हे सरकारी भाषेत, शिक्क्यासह, अतिशय खात्रीने लिहिलेलं असतं, आणि वाचणाऱ्याला तो निकालच वाटतो. अर्जदाराने फक्त दोषारोपपत्र मागितलं असलं तरी आवरणपत्रात प्रकरणाची आजची स्थिती एका वाक्यात लिहा: चौकशी सुरू आहे, की दोषारोप १ सिद्ध, २ अंशतः सिद्ध, ३ सिद्ध नाही, की दोषमुक्त, आणि आदेशाची तारीख. दोषमुक्त झाला असेल तर तो आदेश त्याच पाकिटात जोडावा असं मी म्हणेन. त्याचे दोन रुपये मागू नयेत. प्राथमिक चौकशीतले जबाब देताना ‘हे जबाब उलटतपासणीपूर्वीचे आहेत’ अशी टीप पानाच्या वर टाका. अर्जदार स्वतःच अपचारी असेल तर मात्र रस्ता वेगळा. बचावासाठी लागणारे कागद आणि साक्षीदारांचे जबाब मिळवण्याचा हक्क त्याला शिस्त व अपील नियमांतूनच आहे. तिथे काळ्या पट्ट्यांच्या प्रती देऊन त्याचा बचाव लंगडा करू नये.

काही फाइली मात्र झाकूनही द्यायच्या नसतात. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाबाबतच्या २०१३ च्या अधिनियमाचं कलम १६ माहितीच्या अधिकाराला बाजूला ठेवून सांगतं की तक्रारीतला मजकूर, पीडित महिला, प्रतिवादी आणि साक्षीदार यांची ओळख, चौकशीची कार्यवाही, समितीच्या शिफारशी, केलेली कारवाई यातलं काहीही प्रसिद्ध करायचं नाही. पीडितेची आणि साक्षीदारांची ओळख न देता ‘न्याय मिळाला’ एवढं सांगता येतं. किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, हे आकडे द्या, तेही आकडा एक-दोन असेल आणि कार्यालय लहान असेल तर जिल्हा पातळीवर एकत्र करून. शाळांमधल्या चौकशीत मुलांची नावं असतात, तिथे बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७४ आहे, आणि लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेच्या ओळखीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. वर्ग, तुकडी आणि शाळेचं नाव मिळूनही मूल ओळखता येतं, त्यामुळे नुसतं नाव झाकून भागत नाही.

उत्तराच्या पत्रासोबत एक तक्ता द्या. पान क्रमांक, ओळ, काय प्रकारची माहिती झाकली (साक्षीदाराची ओळख, आरोग्यविषयक, पत्ता), कोणतं कलम. कलम १०(२) नुसार अर्जदाराला अंशतः माहिती दिली जात आहे हे, त्याची कारणं, निर्णय देणाऱ्याचं नाव आणि पदनाम, शुल्काचा हिशेब आणि अपिलाचा हक्क हे सगळं कळवायचंच असतं. तक्ता असला की प्रथम अपिलात अर्जदार नेमकं ‘पान ३४ वरची पट्टी चुकीची आहे’ असं भांडू शकतो, आणि अधिकाऱ्यालाही अख्ख्या फाइलसाठी नाही, त्या एका पट्टीसाठी उत्तर द्यावं लागतं. कलम २० खाली दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंडाची भीती असल्यामुळे बरेच जण सगळंच देऊन मोकळे होतात. नोंदी ठेवून, कारणं लिहून, मुदतीत दिलेलं अंशतः उत्तर हे या भीतीवरचं औषध आहे. सद्भावनेने केलेल्या कामाला कलम २१ चं संरक्षण आहे, पण सद्भावना दाखवायला कागद लागतो.

अवलोकन मागितलं तर? मूळ फाइल टेबलावर ठेवून ‘बघा’ म्हटलं की दोन दिवसांचं झाकण्याचं काम पाच मिनिटांत वाया जातं. मोबाइलने फोटो निघतात. अवलोकनालाही झाकलेला संचच ठेवायचा, आणि तो तयार होईपर्यंतची तारीख अर्जदाराला लेखी कळवायची.

एवढं करूनही एखादं नाव सुटतं. सुटलं हे लक्षात आलं की गप्प बसू नये. त्याच दिवशी अर्जदाराला पत्र द्या: पान अमुक चुकीने दिलं गेलं, सोबत सुधारित पान आहे, आधीचं परत करावं आणि पुढे वापरू नये. ते तो मानेलच असं नाही, सक्ती करायचा मार्गही तुमच्याकडे नाही, पण बरेच जण मानतात. संकेतस्थळावर टाकलेलं असेल तर आधी ती फाइल काढा आणि मग पत्र लिहा. प्रथम अपिलीय अधिकाऱ्याला कळवा. आणि ज्याचं नाव गेलं त्याला स्वतः भेटून किंवा फोन करून सांगा, काय गेलं, कोणत्या पानावर, कुणाच्या हाती. त्याला ते बाहेरून कुणाकडून कळण्याआधी.